पाठमोरा मांडव

नाही शेठजी, तळ्याकडे तोंड करून काही बांधायचं नाही. मघाशी तुम्ही बोलताना मी मध्येच उठलो, तर मला पाळीपर्यंत थांब म्हणालात. आता माझी पाळी आहे.

मंडळी, तुम्ही कापसाची वेचणी टाकून शाळेच्या अंगणात आलात. नानासाठी आलात. मला बोलणं जड जातंय. तुमचा नाना माझा मामा. मी कॉलेजात शिकलो, गोष्टी लिहितो, पण तो गेल्यापासून त्याच्यावर एक ओळ जमलेली नाही. म्हणून त्याच्या मांडवाबद्दलच बोलतो.

शेठजींच्या मनात वाईट नाही. नानाच्या नावाने तळ्याकाठी पक्का चबुतरा, वर पत्रा, पाण्यापर्यंत पायऱ्या, समोर नावाची फरशी. धुळ्याहून पाखरं बघायला येणारी माणसं सावलीत बसतील. पण मंडळी, हीच चूक नानाने स्वतः करून पाहिली होती. आठवतं?

पहिल्या वर्षी त्याने घरोघर फिरून वाळक्या पऱ्हाटीची एकेक मोळी मागितली. चुलीत जाणाऱ्या कापसाच्या काड्या. तिचा मांडव घातला, तळ्याच्या बाजूने सताड उघडा. वर आंब्याचे डहाळेसुद्धा बांधले. आम्ही ऐटीत जाऊन बसलो. समोर नुसतं पाणी. बदकं सगळी पलीकडच्या काठाला. मामी माठ घेऊन आली, तिने बघितलं आणि म्हणाली, "हाऊ मांडव नवरदेवना शे, पाखरसना नही."

नाना हसत सुटला. "म्हनीसन वऱ्हाड पळी गयं."

आणि त्याने मांडव फिरवला. पाण्याच्या अंगाला पऱ्हाटीचा कुड, कुडाला भोकं, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांशी येतील अशी. तोंड गावाकडे. लोक म्हणायचे, तळ्यावर बांधलं आणि तळ्यालाच पाठ दाखवली. नाना म्हणायचा, पाखरू कुडाला भीत नाही रे, माणसाला भितं.

एकदा धुळ्याहून एक मोठे साहेब आले. पांढरी टोपी, पांढरं धोतर, दुरून चमकत होते. नाना म्हणाला, टोपी खिशात घाला आणि हे पोतं पांघरा. साहेबांनी विचारलं, मी कोण आहे माहीत आहे का?

"माले माहीत शे. पाखरसले नही."

साहेब पोतं पांघरून बसले. बराच वेळ बसले. बाहेर आल्यावर मामीकडून पाणी मागून प्यायले, आणि हळूच म्हणाले, पुन्हा आलो तर चालेल ना?

यंदा नाना खाटेवर होता. मांडव घातलाच गेला नाही. पाखरं मात्र आली. मी तळ्यावर जाऊन आलो तर त्याने विचारलं, कुठं बसलीत? मी सांगितलं, अगदी अलीकडे, तुझ्या मांडवाच्या जागेवर. सांगून टाकलं आणि वाटलं, याला लागेल. इतकी वर्षं तळं राखलं, आणि पाखरांना हा नसल्याचं काहीच नाही. पण तो खुशीत. म्हणाला, म्हणजे मी त्यांना कधी दिसलोच नाही म्हण.

मंडळी, न दिसण्याचा ज्याला एवढा आनंद, त्याचं नाव पाण्याकडे तोंड करून लावायचं? कुणी वाचायचं ते?

शेठजी, फरशी इथे शाळेत लावा. पोरं वाचतील. तळ्यावर पऱ्हाटीच राहू द्या. ती पावसात कुजते, म्हणून दरवर्षी पुन्हा प्रत्येक घरातून मोळी निघते. पक्कं बांधलं की कुणाला काही आणायला नको. ज्या वर्षी घरातून मोळी निघणार नाही, त्या वर्षी समजा की नाना गेला.

बाहेर लिंबाखाली एक मोळी आहे. मामीने सकाळीच आणून ठेवलीय, कुणाला न सांगता. ती घेऊन मी तळ्यावर चाललोय.

आणि शांतता पाळायची ती इथे उभं राहून नको. मोळ्या घेऊन या, कुड उभा करू, त्याच्याआड बसून पाळू. नाना सगळ्यांना गप्प बसवायचा तशी, "बठ्ठा चूप बठा." टोप्या तेवढ्या खिशात घाला.

शेठजी, तुम्ही उठलात. उत्तर द्यायचं असेल तर तिकडे या. तिकडे बोलता येत नाही.

निघतो.