हात न लावलेल्या पैशांचा दंड

मी, जबाब देणार बाई, वय अठ्ठावन्न, धंदा कपडे धुण्याचा व इस्त्रीचा, राहणार दुकानाच्याच मागच्या दोन खोल्यांत, धाकट्या जावेसह. सगळे मला लॉन्ड्रीवाल्या काकू म्हणतात. ठाण्यात बोलावून विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे.

गुंतवणूक कंपनीच्या शाखेच्या व्यवस्थापकांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, मी काल आणि आज त्यांच्या कार्यालयात ठाण मांडून बसले, कामात अडथळा आणला आणि आज दुपारी कात्री उगारून त्यांच्या कोटाची बाही कापण्याची धमकी दिली. पैकी बसले होते हे खरे आहे. हवालदार म्हणतात, काकू, फक्त कात्रीचं सांगा. पण कात्री शेवटी आली, आधी पैसे गेले. तेव्हा मी पैशांपासूनच सांगणार.

आमचे दुकान भाड्याचे आहे. माझ्या आणि धाकटीच्या यजमानांनी ते मिळून चालवले, ते दोघे गेल्यावर आम्ही दोघी चालवतो. मालकाला आता जागा विकायची आहे. तो म्हणाला, आधी तुम्हाला विचारतो, पण इसार दहा दिवसांत, म्हणजे आता उद्या संध्याकाळपर्यंत, हातात पडला पाहिजे, नाहीतर शेजारचा मोबाइलवाला तयारच आहे. जागा गेली तर दुकान जाईल आणि त्यामागे राहतो ते घरही जाईल.

इसारासाठी पैसे आमच्याकडे होते. तीन वर्षांपूर्वी मी माझी शिल्लक आणि धाकटीने दिराच्या पश्चात त्यांच्या विम्याचे आलेले पैसे, असे निम्मे निम्मे एकत्र करून या कंपनीत ठेवले. खाते माझ्या नावावर आहे. माझी लेक नोकरीसाठी दूर गेली, तिने जाण्याआधी स्वतःचा जुना फोन मला दिला आणि त्यावर खाते उघडून एका फंडात सगळे पैसे घालून दिले. तेव्हा ती म्हणाली होती, "आई, अधूनमधून उघडून बघत जा."

मी बघितले नाही. आमच्या घरात बाजूला काढलेल्या पैशांकडे बघायचे नाही, अशी सासूबाईंची शिस्त. बघितले की हात शिवशिवतात, असे त्या म्हणत. म्हणून मी तो फोन बंद केला, उशीच्या अभ्र्यात गुंडाळला आणि कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवून कुलूप लावले. किल्ली धाकटीकडे दिली, म्हणजे एकीला मोह झाला तरी दुसरी आडवी येईल. आम्हाला वाटले, पैसे कुलपात आहेत. यावर हवालदार हसले. हसू द्या, आता मलाही हसू येते, पण तेव्हा आम्ही दोघी निर्धास्त झोपत होतो.

गेल्या आठवड्यात इसारासाठी फोन काढून सुरू केला. सुरू होताच त्यावर इतके संदेश आले की तो थरथरत टेबलावरून खाली जायला लागला. सगळे इंग्रजीत, म्हणून शेजारच्या शिंप्याकडून ते वाचून घेतले. कंपनीने मधेच नियम बदलला होता. ज्या खात्यात खातेदार काही करत नाही, त्याला दर तीन महिन्यांनी 'खाते वापरात नसल्याचे शुल्क'. खात्यात सुटे पैसे नव्हते, म्हणून ते शुल्क भरून घ्यायला कंपनीने दर वेळी आमच्या फंडातला तुकडा परस्पर विकला आणि त्या विक्रीचेही वेगळे शुल्क घेतले. असे करत करत आठवा हिस्सा गेला, आणि नेमका तेवढाच इसार कमी पडला. आठवीत नापास झालेल्या बाईलाही कळेल की ही लूट आहे. मी आठवी पास आहे.

हेल्पलाइनला फोन केला. तिथली मुलगी गोड बोलत होती. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही खातं वापरलं असतं तर शुल्क लागलं नसतं." मी म्हटले, "बाई गं, न वापरता ठेवायलाच तर तुमच्याकडे दिले होते." तिने तक्रार ॲपवर नोंदवा म्हणून सांगितले. नोंदवली. 'आम्हाला आपली काळजी आहे' असे उत्तर आले. पैसे आले नाहीत.

म्हणून काल सकाळी कार्यालय उघडताच मी तिथे गेले. व्यवस्थापक म्हणाले, शुल्काचे काम इथून होत नाही. मी म्हटले, "मग जिथून होतं तिथे तुम्ही विचारा, मी बसते." बाकावर बसले. दुकानाचे काम अडू नये म्हणून गिऱ्हाइकांचे शर्ट सोबत नेले होते, त्यांची बटणे लावत होते. मी त्यांची वीज वापरली असे तक्रारीत लिहिले आहे ते धादांत खोटे आहे. बटण लावायला वीज लागत नाही.

बाकावर माझ्या शेजारी एक निवृत्त कंपाउंडर बसले होते. काका, तुम्ही कशासाठी, म्हणून विचारले तर त्यांचेही तसेच कापले होते. दोन वर्षे डोळ्यांनी नीट दिसत नव्हते, फोन उघडताच येत नव्हता. ते म्हणाले, "जाऊ द्या हो, मोठ्या लोकांशी कोण भांडणार?" मी म्हटले, "भांडायला मी बसले आहे ना, तुम्ही नुसते बसा." ते आजही येऊन बसले. आणखी दोघे आले. व्यवस्थापकांचा खरा राग त्याचा आहे.

आज दुपारी व्यवस्थापक बाहेर आले. मी उठून त्यांना एकच विचारले. "साहेब, दर तीन महिन्यांनी माझ्या खात्यात विक्री झाली ना?" ते म्हणाले, "झाली." "मग खातं वापरात होतं. वापरात होतं तर दंड कसला?" ते म्हणाले, ती विक्री तुम्ही केली नाही, आम्ही केली. मी म्हटले, "म्हणजे विकायचं तुम्ही, आणि मी झोपले म्हणून दंड मला?" चोर तो चोर आणि वर शिरजोर, हेही मी म्हटले. ते म्हणायला नको होते, पण म्हटले.

त्यावर त्यांनी पाकिटातून एक पावती काढून माझ्यापुढे धरली. पावती आमच्याच दुकानाची. हे आमचे गिऱ्हाईक आहेत हे मला माहीत नव्हते, त्यांचा शिपाई कपडे आणून देत असे. ते म्हणाले, "काकू, मागे काय छापलंय ते वाचा मोठ्याने." मी वाचले. 'एका महिन्यात कपडे न नेल्यास दररोज भाडे आकारले जाईल.' माझ्या यजमानांनी कधीकाळी छापून घेतले होते, आणि मी छापखान्यात तीच पावती पुन्हा पुन्हा देत आले. सगळे माझ्याकडे बघत होते. व्यवस्थापक म्हणाले, "तुमचा नियम तो नियम, आणि आमचा नियम ती लूट?"

मी खाली बसले. मनात आले, बाई, उचल आपले शर्ट आणि चालू लाग. मग मी पावतीवरची तारीख पाहिली. त्यांचा कोट आठ महिन्यांपासून आमच्याकडे टांगलेला आहे, कसर लागू नये म्हणून धाकटी त्याला दर महिन्याला उन्हात घालते. मी पुन्हा उभी राहिले आणि म्हटले, "साहेब, छापलंय हे खरं. पण मी तुमच्याकडून एक दिवसाचं भाडं घेतलं का? आणि भाडं वसूल करायला तुमच्या कोटाची बाही कापून विकली का?"

सगळे हसले. बटणे लावताना हातात दोरा कापायची कात्री होती, ती हातातच राहिली होती. बोटभर आहे, जप्त केलीच आहे, बघून घ्यावी. मी ती उगारली नाही, कुणाला लावली नाही. पंधरा मिनिटांत पोलिसांची गाडी आली.

पुढचे इथे ठाण्यात घडले, तेही लिहून घ्यावे. संध्याकाळी व्यवस्थापक एक टाइप केलेला कागद घेऊन आले. कापलेले सगळे पैसे उद्या सकाळीच परत देतो आणि कात्रीची तक्रारही मागे घेतो, फक्त यावर सही करा. कागदात लिहिले होते की, शुल्क नियमाप्रमाणे बरोबरच होते, कंपनी केवळ दया म्हणून पैसे देत आहे, आणि मी याबद्दल कुणाशी बोलणार नाही. ठाण्याचे साहेब म्हणाले, काकू, करून टाका, शहाण्या असाल तर. मला उद्याची संध्याकाळ दिसत होती. खोटे का सांगू, मी पेन उचलले होते.

धाकटी दुकान बंद करून आली होती आणि माझ्या मागे उभी होती. ती चारचौघांत बोलत नाही. ती म्हणाली, "ताई, त्यातले निम्मे माझे आहेत. माझा माणूस गेला त्याचे ते पैसे आहेत. त्यातून कापलं ते बरोबर होतं असं मी लिहून देणार नाही. दया तर मला मुळीच नको."

मी म्हटले, "अगं, दुकान जाईल." ती म्हणाली, "जाईल. इस्त्री आपल्या हातात राहील."

मी पेन खाली ठेवले. उरलेले पैसे घेऊन उद्या मालकाकडे जाऊ, तो थांबला तर ठीक, नाही तर नाही. कंपनीविरुद्ध माझी तक्रार आजच नोंदवून घ्यावी, आणि कंपाउंडर काकांची वेगळी. ते बाहेर बसले आहेत.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी त्यांनी 'पैसे परत मिळाल्यास माझी तक्रार नाही' असे सवयीने लिहिले होते, ते मी खोडायला लावले. आता मी सांगितले तसाच तो आहे. खाली माझी सही घ्यावी आणि तिच्याशेजारी धाकटीचीही घ्यावी. साहेब म्हणाले, जबाब एकाचाच असतो. मी म्हटले, निम्मा तिचा आहे.