घरात पेन्सिल नाही

...नाही म्हणजे नाही हो! अहो, पार्सल ऑफिसात वजनं करणारा माणूस मी, लिहितो तेही पेनाने, आणि डॉक्टरीणबाई फोनवर म्हणतात, "मुलीच्या रक्तात शिसं आलंय!" शिसं! आता तुम्हीच सांगा, शिसं म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येतं? पेन्सिलच ना? आमची आई लगेच, "खाल्ली असणार कार्टीने!" झालं! गाद्या झटकल्या, कपाट ओढलं, बायको टॉर्च घेऊन पलंगाखाली... तुम्हाला सांगतो, घरात पेन्सिल नाही!

आणि पोरगी? दोन वर्षांची. भिंतीला टेकून बसलेली, आमच्याकडे बघत. नुसती बघत! आधी घर डोक्यावर घ्यायची हो. मग एकेक शब्द जायला लागला. आधी "चिऊ" गेली, मग "पाणी" गेलं, मग एक दिवस "बाबा" गेला... मी समोर उभा, आणि ती माझ्या आरपार बघतेय! म्हणून तर रक्त तपासायला दिलं. संध्याकाळी दिवा लावायच्या आत खोलीत गेलं ना, की पोर दिसायचीच नाही, दोन काळेभोर डोळे तेवढे दिसायचे. पोटच्या पोरीला भ्यायलो हो मी! आणि येणारा-जाणारा काय म्हणायचा? "काय सुंदर डोळे आहेत हो!"

असणारच! आई रोज सुरमा घालायची ना! बाजारचं काजळ नव्हे, चमकणारा काळा दगड कुटून केलेला, खास आत्याने पाठवलेला. डबी एवढीशी... उचलली तर मनगट खाली! आमचा हातच वजनं तोलणारा, म्हटलं, "आई, ही एवढी जड कशी गं?" तर म्हणे, "शुद्ध माल जडच असतो!" म्हटलं, खरंच की! आणि पुन्हा गादीखाली हात घातला. पेन्सिल नाही!

शेवटी पोरीला आणि आईला घेऊन दवाखाना गाठला. बसल्या बसल्या तिने डोळे चोळले आणि काळी बोटं सरळ तोंडात! डॉक्टरीणबाई ओरडल्या, "अहो, हे काय?" मी आपला, "बाई, शपथ घेतो, घरात पेन्सिल नाही!"

"पेन्सिलीत शिसं नसतंच हो! ते नुसतं म्हणायला! शिसं या डोळ्यांत घालताय तुम्ही!"

ऐका! जिला आपण शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसं नाही, आणि ज्याला शुद्ध म्हणतो ते... आई पदराने पोरीची काळी बोटं पुसायला लागली. "माझ्या हाताने रे..." एवढंच म्हणाली. तिच्यावर रागवायचं म्हटलं तरी राग येईना, रडूच आलं.

सुरमा बंद झाला. बाई म्हणाल्या, काही उतरेल, काही हाडांत बसून राहील, शब्द किती परत येतील ते आत्ता सांगता येत नाही. काल माझ्याकडे बघून "बा" म्हणाली. अर्धा का होईना, पण परत आलो मी!

तेवढ्यात शेजारच्या वहिनी दारात. पोरीचे धुतलेले, उघडेबोडके डोळे बघितले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगंबाई, आजारी आहे का हो?"

म्हटलं, "नाही वहिनी... बरी व्हायला लागलीय, म्हणून तशी दिसते!"