या दुकानाची मापं

एकाच कंपनीचे, एकाच मापाचे दोन ड्रेस हातात घेऊन ती ट्रायल रूमच्या रांगेत वैतागून उभी होती. एक दंडातच अडकेल असा दिसत होता, तर दुसऱ्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. तिच्या पुढे एक सून पडद्याला तोंड लावून उभी होती आणि पडद्याआड सासू कपडे घालून बघत होती.

“आई, कसा बसतोय?”

“खांद्यावरून उतरतोय गं. लार्जच दिलायस ना?”

“नाही, मीडियम आहे. या दुकानाची मापंच ऐसपैस आहेत. थांबा, स्मॉल आणते.”

“पहिल्या बाळंतपणापासून मी कधी लार्जच्या खाली आले नाही.”

“अहो, हल्ली सगळी दुकानं असंच करतात. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून मोठ्या कपड्याला लहान माप लावतात.”

“मागच्या दुकानातही तू हेच म्हणालीस.”

“तिथंही तसंच होतं, आई.”

“आणि ही अंगठी? ही तर माझ्या लग्नातली. हिला दोरा गुंडाळावा लागलाय.”

पडद्याबाहेर सुनेने नाक ओढलं.

“डोळे पूस. मागे रांग असेल.”

“पुसले.”

“जा, स्मॉल आण. आणि घरी तुझ्या नवऱ्याने विचारलं, तर त्यालाही दुकानाचंच सांग. औषधं लागू पडतायत असं धरून चाललाय तो.”

“त्यांना पटेल?”

“मला इतके दिवस पटवून घेता आलं, त्यालाही येईल.”