रेशीमकाकांच्या खुर्चीबाबत

जबाब देणारीचे नाव व पूर्ण पत्ता सोबतच्या कागदावर घेतला आहे. वय बावन्न. धंदा: जुन्या सामानाच्या दुकानातून वस्तू आणून त्यांच्यापासून घर सजवण्याच्या वस्तू करणे व विकणे. दुकान व राहणे एकाच घरात. रस्त्याकडच्या खोलीत दुकान, मागे बिऱ्हाड.

पोलीस ठाण्यातून निरोप आल्यावरून मी आज स्वतः आले असून, विचारले ते व मला आठवते तसे सांगते की,

मी माझ्या पतीसोबत वरील घरात राहते. मुलगी लग्न होऊन परगावी असते. माझे पती बस चालवत असत. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली व बोलणे जवळजवळ बंद झाले. काठी घेऊन घरात चालतात, पण दुकानाच्या खोलीत येत नाहीत. दुकानात येणारे लोक ओळखीचे असतात, हे त्याचे कारण असावे. मी विचारलेले नाही.

आजारपणानंतर त्यांनी दाढीला कोणाला हात लावू दिला नव्हता. सुरुवातीला मी करायला गेले तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केले. घरी कारागीर बोलावला, त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावे लागले. पुढे मी तो विषय काढला नाही. पूर्वी ड्युटीवर निघण्याआधी ते रोज दाढी करत. एक दिवस चुकवत नसत.

माझ्या धंद्याबद्दल विचारले म्हणून सांगते. आमच्या नाक्यावर जुन्या सामानाचे मोठे दुकान आहे. मालकाला सगळे भंगारशेठ म्हणतात व तोही त्या नावाला ओ देतो. शिवणयंत्राच्या बिडाच्या पायांवर फळी बसवून मी टेबल करते. मोडक्या शिडीला फळ्या ठोकून पुस्तके ठेवायला मांडणी, पितळी किटलीचा दिवा, पत्र्याच्या ट्रंकेवर गादी शिवून बैठक, असे काम असते. वस्तू आधी कोणाची होती हे मी विचारत नाही. विचारत बसले तर तिच्यावर करवत चालवायला हात धजत नाही.

सदर खुर्ची मी भंगारशेठकडूनच रीतसर विकत घेतली. ती सलूनची जुनी खुर्ची आहे. बिडाचा जड पाया, हातांना पांढरा मुलामा, डोके टेकायला वरखाली होणारी उशी, खाली पायाने दाबायचा दांडा. रेक्झिन फाटले होते. मी ते उसवले तेव्हा शिवणीत केस निघाले. काळे, पांढरे, बारीक पोरांचे मऊ, सगळे मिळून मूठभर होते. मी ते कचऱ्यात न टाकता बाहेर झाडाच्या बुंध्याशी टाकले. का, ते सांगता येणार नाही.

गंज घासून काढला, काळा रंग दिला, आतला काथ्या बदलला व वर जाड हिरवे कापड चढवले. एका बाईंनी ती आपल्या दिवाणखान्यासाठी ठरवून ठेवली होती. खिडकीशी वाचत बसायला खुर्ची हवी, फक्त ती फिरता कामा नये, म्हणून पाया कायमचा जाम करून द्या, असे त्यांचे म्हणणे होते. तेवढेच काम राहिले होते. तोवर खुर्ची दुकानात दर्शनी भागी ठेवली होती.

घटनेच्या दिवशी सकाळी, मी दुकान झाडून घेत असताना, एक म्हातारे गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, काखेत कापडी पिशवी. मी त्यांना गिऱ्हाईक समजले व हवे ते बघा, असे म्हणाले. ते इकडेतिकडे न पाहता खुर्चीपाशी गेले. हिरव्या कापडावरून हात फिरवला व दांड्यावर पाय ठेवला. खुर्ची हळूच खाली बसली. मग त्यांनी सांगितले की ही त्यांची खुर्ची. मी म्हणाले, "काका, ही मी विकत घेतलेली आहे."

ते म्हणाले, "माहीत आहे. मला न्यायची नाही. कुणाला तरी तिच्यात बसवायचंय."

त्यांना पाणी दिले व बसायला स्टूल दिले. त्यांनी सांगितले ते असे. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचे सलून होते. लोक त्यांना रेशीमकाका म्हणत, कारण त्यांचा हात रेशमासारखा हलका होता. वस्तरा फिरला हे गिऱ्हाइकाला कळायचे नाही. ते लेकीकडे राहायला गेले असताना मुलाने सलून बंद केले व सामान विकले. तिथे आता मुलाचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. भंगारशेठने त्यांना माझा पत्ता दिला होता. घरी सांगून आलात का, असे मी विचारले. ते हो म्हणाले. ते खरे नव्हते, हे मला नंतर कळले.

मी त्यांना सांगितले की इथे दाढी करून घेणारे कोणी नाही, हे सामानाचे दुकान आहे. हे बोलणे चालू असताना आतून काठी आपटल्याचा आवाज आला. पतींना काही हवे असले की ते काठी आपटतात, म्हणून मी आत जायला वळले. तेवढ्यात ते स्वतःच पडदा बाजूला करून दुकानात आले. मी "अहो, पडाल" म्हणाले, पण त्यांनी माझा हात धरला नाही. ते खुर्चीपर्यंत गेले, वळले व बसले. काठी माझ्याकडे दिली व मान मागे टेकली.

मी त्यांना बसवले का, असे विचारण्यात आले. नाही. रेशीमकाकांनीही बसवले नाही. ते आपण होऊन बसले.

रेशीमकाकांनी पिशवीतून आपले सामान काढले. वस्तरा, ब्रश, साबणाची वाटी, कात्री, कंगवा व घडी घातलेला टॉवेल. त्यांनी गरम पाणी मागितले, ते मी आणून दिले. तोपर्यंत त्यांचा हात थरथरतो हे माझ्या लक्षात आले होते. ब्रश वाटीवर खडखडत होता. मी म्हणाले की काका, आज नुसता साबण लावा, बाकी राहू द्या. त्यावर ते म्हणाले, "हात हलतो ते मलाही दिसतं. वस्तरा गालाला टेकला की थांबतो." त्यांनी आधी कात्रीने दाढी उतरवली व मग साबण लावला. एका गालावर वस्तरा फिरला तेव्हा हात खरोखर थांबला होता. पती डोळे मिटून बसले होते. असे स्वस्थ बसलेले मी त्यांना बऱ्याच काळात पाहिले नव्हते.

हनुवटीखाली वळवताना वस्तरा लागला. रक्त टॉवेलवर व रेशीमकाकांच्या शर्टाच्या बाहीवर पडले. जप्त टॉवेल मला दाखवला, तो हाच. जखम खोल नव्हती, पण मानेजवळची असल्याने रक्त जास्त वाटले. मी कापूस दाबून धरला. रेशीमकाकांनी वस्तरा मिटून खिडकीत ठेवला. ते स्टुलावर बसले व बराच वेळ दोन्ही हात गुडघ्यांत धरून होते. मग म्हणाले, "मुलगा बरोबर सांगत होता." शेवटी शेवटी सलूनमध्ये एका गिऱ्हाइकाचा कान कापला होता, ते तेव्हा त्यांनी सांगितले. त्या माणसाने रस्त्यात उभे राहून आरडाओरडा केला. मुलाने त्याचे पाय धरून प्रकरण मिटवले होते. हे सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

मी पतींचे तोंड पुसायला गेले. त्यांनी डाव्या हाताने मला बाजूला सारले, हात लांब करून रेशीमकाकांचे मनगट धरले व आपल्या न झालेल्या गालाकडे ओढले. मग म्हणाले, "अर्धी राहिली."

हे शब्द त्यांनी स्पष्ट उच्चारले. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून दोन शब्द एकामागोमाग आलेले मी ऐकले नव्हते. रेशीमकाका उठले.

उरलेली दाढी होताना वस्तरा कोणाच्या हातात होता, असा प्रश्न विचारण्यात आला. वस्तरा रेशीमकाकांच्या हातात होता व त्यांचे मनगट खालून माझ्या हातात होते. ते कुठे वळायचे ते सांगत, मी तिथे हात टेकवून धरत असे. एवढ्या जवळून पतींचा चेहरा मी कधी पाहिला होता ते आठवत नाही. गालावर जुनी एक खूण आहे, ती मी विसरून गेले होते. दुसऱ्यांदा कुठेही लागले नाही. शेवटी रेशीमकाकांनी माझ्याकडून दुसरा टॉवेल घेऊन तो गरम पाण्यात पिळून पतींच्या तोंडावर ठेवला व आरसा धरला. पतींनी आरशात पाहिले. मग त्यांनी गाल फुगवून त्यावरून बोट फिरवले. आरशासमोर ते पूर्वी रोज असेच करत.

दुपारी आम्ही तिघे जेवलो. मी रेशीमकाकांना घरी सोडू का, असे विचारले तेव्हा ते थोड्या वेळाने जातो म्हणाले. त्यांना मुद्दाम ठेवून घेतले हे खरे नाही. पण घरचा नंबर मागून फोन करायला हवा होता, तो मी केला नाही, हे खरे आहे.

उन्हे उतरण्याच्या सुमारास त्यांचा मुलगा दोन पोलिसांना घेऊन आला. तो सकाळपासून वडिलांना शोधत होता. दवाखाने झाले, लेकीकडे विचारून झाले, शेवटी भंगारशेठकडून त्याला पत्ता लागला. तो आत आला तेव्हा रेशीमकाका पतींच्या खाटेशी बसले होते. बाहीवर रक्त होते. मुलगा आधी वडिलांचेच हात उलटसुलट करून पाहू लागला. मग त्याला पतींच्या मानेवरचा कापूस दिसला.

तो मला म्हणाला, "तुमच्या लक्षात कसं आलं नाही? त्यांच्या हातात वस्तरा दिलात. काही बरंवाईट झालं असतं तर तुरुंगात माझा बाप गेला असता, तुम्ही नाही."

तो मोठ्याने बोलला. शिवीगाळ केली नाही व अंगावर धावून आला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते. मी त्याला तसे सांगितले. मग त्याने वडिलांना विचारले की खुर्ची विकली म्हणून रागावून निघून आलात का. वडील म्हणाले की राग खुर्चीचा नाही, विचारलं नाहीस त्याचा आहे. मुलगा म्हणाला, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. मग मला ती तुमच्यादेखत उचलावी लागली असती."

यावर रेशीमकाका बाहेर दुकानात गेले, खुर्चीची पाठ झटकली व मुलाला "बस" म्हणाले. मुलगा म्हणाला की बाबा, घरी चला, लोक थांबलेत. ते पुन्हा "बस" म्हणाले. तो बसला. रेशीमकाकांनी वस्तऱ्याला किंवा कात्रीला हात लावला नाही. नुसता कंगवा पाण्यात बुडवून मुलाचे केस विंचरले, भांग पाडला, पुन्हा मोडून पुन्हा पाडला. मुलाने डोळ्यांवर हात घेतला होता. दारात उभे असलेले शिपाई या वेळी स्वतःच्या हनुवटीवरून हात फिरवत होते. त्यांनी हे सर्व पाहिले आहे, त्यांना विचारावे.

त्यानंतर बापलेक घरी गेले. वस्तरा मुलाने आपल्या खिशात ठेवला, तो अजून त्याच्याकडेच आहे.

यानंतर काय झाले, असे विचारले म्हणून सांगते. मुलगा दुकान उघडायला जाताना दर दोन दिवसांनी वडिलांना आमच्याकडे सोडतो व दुपारी येऊन घेऊन जातो. दाढी आता मी साध्या रेझरने करते. साबण रेशीमकाका लावतात व माझ्या चुका काढतात. पतींचे केस तेच कापतात, कात्रीने, मुलाच्या संमतीने. मुलगा येऊन बसल्याशिवाय मात्र कात्री हातात घेत नाहीत. पती आता रोज दुकानात येऊन बसतात. गिऱ्हाइकांपैकी कोणी ओळखले तर मान हलवतात. परवा एकाला त्यांनी "बस" म्हटले. बसगाडी म्हणाले की बसायला सांगितले, हे त्या माणसाला कळले नाही. मलाही नक्की सांगता येणार नाही.

सदर खुर्ची ठरल्याप्रमाणे त्या बाईंना दिली का, असे विचारण्यात आले. दिलेली नाही. त्यांना मी शिवणयंत्राच्या पायांची बैठक करून देण्याचे कबूल केले आहे व ती त्यांना पसंत आहे. खुर्ची जाम केलेली नाही, ती फिरते. सलूनचा धंदा करण्याचा माझा इरादा नाही व तशी पाटी मी लावलेली नाही. वस्तू विकायला ठेवलेल्या खोलीत ती एक न विकायची खुर्ची आहे, एवढेच.

सदर गिऱ्हाईक म्हणजे माझे पती यांस झालेल्या जखमेबद्दल माझी किंवा त्यांची कोणाविरुद्ध तक्रार नाही. मुलानेही वडील हरवल्याची आपली तक्रार मागे घेतल्याचे मला सांगण्यात आले.

माझा हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. वाचताना एका ठिकाणी माझ्या पतींना "जखमी इसम" म्हटल्याचे ऐकले. पती सोबत आले असून बाकावर बसले आहेत, त्यांनाही ते ऐकू गेले व त्यांनी काठी आपटली. त्यांच्या व माझ्या सांगण्यावरून तो शब्द खोडून तिथे "गिऱ्हाईक" असे लिहिले आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे. ते बरोबर आहे म्हणून खाली सही करते.