पांढरं म्हणजे कुठलं पांढरं?

...आणि वर सासूबाई मलाच म्हणतात, "हळू बोल!" का हळू बोलू? अहो, तीन आठवडे मला बसवेना की उभं राहवेना, दुकानात डब्यांच्या आडोशाला जाऊन खाजवत होते, आणि हळू मी बोलायचं? तुम्हाला सांगते, माझं काम रंगाच्या दुकानात. काउंटरवर उभं राहून मशीनवर रंग कालवून देते. गिऱ्हाईक आलं, "भिंतीला पांढरा द्या" म्हणालं, की माझा पहिला प्रश्न काय? पांढरं म्हणजे कुठलं पांढरं? दुधी, मोतिया, हस्तिदंती, करड्याकडे झुकणारा, पिवळ्याकडे झुकणारा... एकट्या पांढऱ्याचे बेचाळीस चौकोन आहेत आमच्या शेडकार्डावर! पण आमच्या सासूबाईंच्या जगात पांढरं एकच. आणि ते वाईटच.

झालं काय, एक दिवस दोरीवरचे कपडे काढताना बाईंनी माझी चड्डी उजेडात धरली. नोट खरी की खोटी बघतात ना, तशी! "बाई गं! तुझ्या अंगावरून पांढरं जातंय! हाडं झिजली असतील तुझी!" म्हटलं, आई, हे वयात आल्यापासून आहे. महिन्याच्या मध्यावर पातळ, तार धरतं, मग जरा घट्ट, दुधी... वास नाही, खाज नाही. तर म्हणे, "वयात आल्यापासून? मग उरलंय काय तुझ्यात!" संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू मी चार दिवसांची पाहुणी!

मग आली बाटली. गुलाबी. खास "तिथलं" धुवायची. दिवसातून दोनदा, आतूनसुद्धा! टाळायची सोय नाही, कारण बाथरूमच्या दाराशी पहारा... "धुतलंस ना गं?" दहाव्या दिवशी काय खाज सुटली म्हणता! नुसती आग! आणि यायला लागलं ते फाटलेल्या दुधासारखं, गोळे गोळे. सासूबाईंना केवढा आनंद! "बघ, मी सांगत नव्हते?"

औषधवाल्याकडे गेले, तर तो छताकडे बघत म्हणतो, "पांढरं का? ही क्रीम घ्या." अरे बाबा, पांढरं म्हणजे कुठलं पांढरं? विचार तरी! नाही. कागदात गुंडाळलं, वर काळी पिशवी, वर गाठ... चोरीचा माल द्यावा तसं हातात कोंबलं. गुण काडीचा नाही.

शेवटी डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी पहिलंच विचारलं, "रंग कसा आहे?" अहो, मला रडूच फुटलं! अख्ख्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं! पर्समधलं शेडकार्डच काढलं, बोट ठेवलं... आधीचं हे, आत्ताचं हे. बाई हसल्या, तपासलं, म्हणाल्या, "आधीचं होतं तो आजारच नव्हता. ती जागा स्वतःला साफ ठेवते. तुम्ही बाटली ओतून तिची घडी विसकटलीत, आता बुरशी धरलीय, त्याचं औषध देते. हिरवट, करडं, माशासारखा वास, खाज, दुखणं, किंवा पाळी बंद झाल्यावर लाल-तपकिरी डाग... असं काही दिसलं तर इकडे यायचं. दुकानातून बाटली आणायची नाही."

घरी आले ती कंबर कसूनच. चपलासुद्धा न काढता सासूबाईंसमोर उभी राहिले आणि सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. संपलं, तरी बाई गप्प. तुम्हाला सांगते, एकोणीस वर्षांत ही बाई माझ्यापुढे कधी गप्प बसलेली नाही! मग भिंतीकडे बघत म्हणतात, "तांबूस असलं तर गं?"

कोणाचं?

"असंच विचारलं." किती दिवस झाले? "वर्ष होईल. आता या वयात कुणाला काय दाखवायचं... बाईच्या जातीला चालायचंच." अहो, पाळी जाऊन अकरा वर्षं झाली त्यांची! माझं दुधी बघून गावभर बोंब मारली, आणि स्वतःचं रक्त गुपचूप पिळून टॉवेलखाली वाळत घालत होत्या! राग तर असा आला... बाई, तुम्ही गेल्या असतात, तर मी भांडले असते कोणाशी?

दुसऱ्याच दिवशी हाताला धरून नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं काय होतंय, तर ह्या म्हणतात, "थोडंसं पांढरं जातं." मी ओरडलेच, आई, पांढरं म्हणजे कुठलं पांढरं? बाहेरचा अख्खा बाक दारातून आत डोकावला. तेव्हा कुठे तोंड उघडलं, "लाल गं, लाल!"

आत गाठ निघाली. छोटी. काढली, तपासायला पाठवली. आठ दिवस घरात कुणाला घास गोड लागला नाही, मला तर नाहीच. मग रिपोर्ट आला... साधीच गाठ. पण आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं, आणि एकटीनं जायला त्यांना लाज वाटते, म्हणून मी रजा टाकून सोबत जाते.

आणि काल खिडकीतून काय ऐकते? बाई शेजारणीला सांगतायत, "काय करणार हो, सुनेचं ते पांढरं... दवाखान्यात न्यावं लागतं तिला. एकटीला कशी पाठवू?"

गाठ त्यांची, रजा माझी, आणि गल्लीभर आजारी कोण? तर मीच!