सारजाआजीची फांदी

हॅलो?… हॅलो, कोण, झुंबरनाना का?… मी कन्हेरीवरनं बोलतीया, प्रयाग… व्हय व्हय, आबांची थोरली. जरा आमच्या छकुलीला बोलवणं धाडता का?… हितंच हाय? दळण घिऊन आलीया? मंग द्या की तिलाच…

हां, छकुले… आक्का बोलतीया. ऐकू येतंय का?… जरा मोठ्यानं बोल बाई, तुझ्याकडं गिरण चालू हाय… बरी हाय गं मी. सोनमबी बरी हाय, साळंला गेलीया. मावशी कवा येणार म्हणून सारखी इचारती…

आमच्याच घरातनं करतीया फोन. औंदा बसवला न्हाय का… व्हय, डायलला कुलूप हायच की, ते कुठं जातंय. आज आत्याबाईंनी सोताच्या हातानं काढलं. चावी त्यांच्या कमरंला असती… माझ्या सासूबाई गं, आत्याबाई म्हणजे दुसरं कोण. हितंच हायेत, माझ्या शेजारी. लसूण सोलत बसल्यात… हां, इचारत्यात तुला, बरी हायेस का… बरी हाय म्हणती, आत्याबाई.

तर आता ऐक… न्हाय, उगंच न्हाय केला फोन. ऐक ना. आयतवारी तुला आन आबांना हिकडं यायचं हाय… निरोप पोचला न्हवं?… साडीबी पोचली? हिरवी?… काठ मोठं हायेत? बरं… मला कुठं दाखवली कुणी. ह्यांनी बारामतीतनं घेतली आन परभारं धाडली.

हं… हं… व्हय. तुला वाटतंय तसंच हाय ते. दुसरी करायची ठरलंय ह्यांचं. डाक्टरांनी सांगितलं ना, मला आता लेकरू व्हायचं न्हाय… सोनम हाय, पर सोनमला कोण धरतंय हिशोबात… आत्याबाई म्हणत्यात, भाईरची आणली तर ती तुझ्या आक्काला उंबऱ्यात उभी करायची न्हाय. सख्खी बहीण आली म्हणजे घरातल्या घरात राहतंय. आन म्हणत्यात, तूच सांग तिला, थोरलीनं बोलवलं की पोरीला धीर येतो… म्हणून मी बोलतीया.

छकुले?… आबा काय म्हणलं?… नुसती मान हलवली? आन मंग?… शेरडाला पाला टाकायला उठून गेलं. व्हय, आबांचं तसंच. तोंडानं कधी बोलल्यात ते.

सांगती की आत्याबाई, सांगती. जरा पोरीला दम तर खाऊ द्या… आगं, त्या म्हणत्यात सारजाआजीचं सांग तिला. म्हणजे तुझ्या मनातलं भ्या जाईल… सारजाआजी म्हणजे ह्या घराची मूळबाई. माझ्या लग्नात रानात लिंबाखाली शेंदूर लावलेल्या दगडाला नारळ फोडला न्हाय का, आन खोबरं तूच पळवलंस… हां, तीच.

लई जुनं हाय बघ. तवा हितं कॅनॉल न्हवता, ऊस न्हवता, समदा उघडा माळ. ह्यांच्या वाडवडलांचा मेंढरांचा वाडा, माणसं-घोडी समदी, कोकणातनं म्हागारी चाललेला. सारजाच्या काखंत दूधपितं बाळ. ते ह्या माळावर तापानं गेलं. रातच्याला पुरलं, आन सकाळी नेहमीवाणी बिऱ्हाडं घोड्यांवर लादली, मेंढरं हुसकली, समदी निघाली. ही उठंना. नवरा आला, दीर आला, सासरा शिव्या देऊन गेला. म्हणली, तुमी जावा, माझं हितं हाय… आन गेली की खरंच समदी. ही एकटी राहिली, आन एक कुत्रं. दगडं येचली. वढ्यातलं पाणी डोईवर आणून बाजरी जगवली. वरीसभरानं वाडा त्याच वाटंनं आला, तर हिच्या ढोपराच्या वर कणसं डुलत्यात. मंग नवरा राहिला, मंग एकेक करून बाकीची राहिली… व्हय गं, आज हे रान, ह्यो बंगला, ह्यो फोन, समदं त्या एका बाळाच्या मातीवर उभं हाय. मला त्या दगडाफुडं गेलं की रडूच येतंय.

आन म्होरं?… म्होरं तिला लेकरू झालं न्हाय. आमचा हेळवी येतो न्हवं, बैल घिऊन, घराण्याची नावं सांगतो आन धान्य घिऊन जातो, त्यो असं म्हणतो बघ: सारजाबाईनं माळ धरला, पोटी संतान न्हाय म्हणून आपली धाकटी बहीण बनाबाई बोलवून आणली, बनाबाईच्या पोटी वंश वाढला. आत्याबाईंना ते पाठ हाय. हे लग्नाचं काढल्यापासनं रोज सकाळी मला ऐकवत्यात. चहात साखर कमी पडली तरी सारजाआजीचं मन किती मोठं हुतं ते निघतंय… हसती न्हाय आत्याबाई, खोकला आला.

काय म्हणलीस?… पुन्हा बोल… तू येतीस? माझ्यासाठी?… आगं थांब. आदी माझं… आक्काला कुणी घालवू नये म्हणून तू… अगं, तू वालचंदनगरला शिवणाचं शिकाया जातीस, मशीन घ्यायचं म्हणत हुतीस. ते काय झालं?… राहू दे म्हणजे?

छकुले, आता खोटं कशाला बोलू. मलाबी वाटलं हुतं. ज्या दिशी ह्यांनी काढलं त्या दिशी वाटलं, भाईरची येण्यापरास छकुली आलेली बरी. दोघी एका चुलीवर भाकऱ्या करू. आठ-आठ दिस मी कुणाशी धड बोलत न्हाय हितं, तर बोलायला माणूस हुईल. रानात जायचं तर सांगून जा, दळायला जायचं तर सांगून जा, माहेरी जायचं तर… जाऊ दे. दोन रात्री मी खुश हुते बघ. माझीच लाज वाटली मला.

आं? काय झालं आत्याबाई?… म्हस सुटली? उसात शिरली?… जावा जावा, बघा. मी हाय की हितं, सांगती तिला.

गेल्या. छकुले, ऐक. पटदिशी ऐक. आयतवारी येऊ नगंस… हॅलो?… येऊ नगंस म्हणती मी… आगं काय हॅलो हॅलो करतीस, ऐक की… गिरण? मंग बंद करायला सांग ना. झुंबरनानाला म्हणावं घटकाभर बंद कर… कुणाचा गहू मधी हाय? राहू दे की मधी… हॅलो… मला वरडता येत न्हाय गं, आत्याबाई दारातच हायेत, म्हशीच्या दाव्यापतोर तर गेल्यात… फोन कानाला चिकटव. दुसऱ्या कानात बोट घाल… तरी न्हाय?… काहीच न्हाय?… अरे देवा…

आल्या.

न्हाय आत्याबाई, अजून काय सांगितलंच न्हाय. तिकडं गिरण चालू हाय, पोरीला ऐकू जाईना… बांधली का म्हस? लई खाल्लं का?… बरं, दोनच कांड्या…

हॅलो? आता?… बंद झाली? लाईट गेली व्हय… आता गेली. आता लख्ख ऐकू येतंय… हूं. काय बोलत हुते मी म्हणतीस?

काय न्हाय… त्येच. सारजाआजीचं.

थोडं राहिलंय तिचं. ते हेळव्याला ठाव न्हाय. मला सरुबाईंनी सांगितलं. सरुबाई म्हणजे मामंजींची आत्या, बनाबाईची सख्खी नात. शेवटाला अंथरुणाला खिळल्या हुत्या न्हाय का, तवा मी त्यांचं पाय चेपत बसायची… सांगू द्या की आत्याबाई. तुमीच म्हणला न्हवं, सारजाआजीचं सांग. तिचंच सांगतीया.

छकुले, आबांची फांदी आठवती तुला? आपण मेंढरांम्हागं फिरायचो तवा आबा म्होरं जायचं. दोन वाटा फुटल्या की जी आपली न्हाय तिच्यावर फांदी आडवी टाकून जायचं… व्हय, आन आपण म्हागनं घोडं घिऊन यायचो, फांदी दिसली की वळायचं. तू एकदा फांदी वलांडून तशीच गेलीस आन रडत बसलीस करवंदीच्या जाळीत… तर ती काय आबांची एकट्याची रीत न्हाय, जुनीच हाय. सारजाच्या वाड्यातबी तीच.

तर झालं काय, सारजानं बहिणीला बोलवलंच न्हवतं. तिला कुणी इचारलंबी न्हाय. सासऱ्यानं तिच्या बापाला निरोप धाडला, सारजा बोलावती बनाला… तिच्या नावानं धाडला, व्हय. तिला कळलं तवा बाप पोरीला घिऊन निघालेला. तिनं कुऱ्हाड घेतली. जळोची गावाच्या अंगाला वाट फुटती तितं एकटी पळत गेली, आन बाभळीची ही एवढी फांदी तोडून हिकडच्या वाटंवर आडवी टाकली. चांगली हिरवीगार, शेंगांनी लगडलेली. म्हणजे लांबनं बनाला दिसंल, असं वाटलं तिला…

व्हय. बरुबर वळखलंस. धनगराचीच तू.

मधीच दुसरा एक वाडा त्या वाटंनं गेला. शेरडं हुती की त्यात. शेंगा खाल्ल्या, पाला खाल्ला, साल सोलून खाल्ली. उरली काटकी ती कुणी चुलीला नेली. जन्म शेरडांम्हागं गेलेला, आन हिरव्या शेंगांची फांदी वाटंत टाकून आली बिचारी. घाई, दुसरं काय… बना आली तवा वाट मोकळी. बाप म्हणला असंल, चल, बहिणीनं बोलवलंयच.

मंग काय हुणार. लगीन लागलं. पोरं झाली, वंश वाढला, हेळवी म्हणतो ते खोटं न्हाय. पर दोघी बहिणी पुन्हा कधी बोलल्या न्हाईत, छकुले… एका घरात. एका चुलीवर. बनाला वाटायचं, हिनं आपलं घर राखायला मला ह्यात वढली. सारजाला वाटायचं, म्या टाकलेली फांदी वलांडून आली ही, सवत व्हायची हौस हुती हिला. दोघींची केसं पांढरी झाली. सारजा मराया टेकली, पाणी मागायला लागली, तवा बनानं तोंडात पाणी घातलं आन इचारलं, का बोलवलंस गं मला? आन सारजा म्हणली, तू फांदी न्हाय का बघितलीस?… 

तवा कळलं. कळून काय करायचं. त्याच सांजंला गेली ती…

न्हाय आत्याबाई, डोकं न्हाय फिरलं माझं… खरं हाय का खोटं हाय ते मला काय ठाव. सरुबाई रडत हुत्या सांगताना, एवढं बघितलंय म्या… थांबा, फोनला हात लावू नका. माझं झालं न्हाय अजून.

छकुले, हायेस का?… ऐक. म्या फांदी टाकत बसणार न्हाय. तोंडानं सांगती, आत्याबाई शेजारी बसल्यात, त्यांच्यादेखत सांगती. म्या तुला बोलवलं न्हाय. कळलं?… ज्यांनी बोलवलं त्यांनी बोलवलं. म्या न्हाय. आयतवारी येऊ नगंस. म्होरल्या आयतवारी न्हाय, दिवाळीला न्हाय, मी मेले असा निरोप आला तरी आदी सोनमला इचार आन मंग ये.

साडीची घडी मोडू नगंस. आबांना म्हणावं, तशीच म्हागारी धाडा. आन म्हणावं, ह्या टायमाला नुसती मान हलवून भागायचं न्हाय… घाबरू नगं, बोल त्यांच्याशी. तुझ्याशी कुठं रागावत्यात ते.

माझं?… माझं काय हुयाचं ते हुईल. आणू द्या भाईरची. घालवलं मला तर सोनमला घिऊन माहेरी कळंबला येईन. तू मशीनवर बस, मी काजं-बटणं करीन. तवा तू माझ्याशी बोलशील तरी… मला भ्या वाटतंय, व्हय, लई वाटतंय.

आत्याबाई, हात सोडा… ठिवती, ठिवतीच हाय मी… घ्या बोलवून तुमच्या लेकाला. सांगा काय सांगायचं ते.

छकुले, रडू नगं. म्हण एकदा. मी येत न्हाय, म्हण… नुसतं हूं न्हाय. तोंडानं म्हण… मोठ्यानं… झुंबरनाना ऐकत असंल तर ऐकू दे, दळणाला आलेल्या समद्या बायकांना ऐकू दे… अजून एकदा…

हां. ऐकलं. लख्ख ऐकू आलं.

घ्या आत्याबाई. लावा आता कुलूप.