आज काळीज

अभ्यासाच्या वेळापत्रकाचं माझ्यासमोर नाव काढू नका, राजेहो. माझ्या वेळापत्रकापायी आमचा शेजारी मरता मरता वाचला!

मॅट्रिकच्या वर्षी मी अभ्यासाला गोंडपिपरीजवळ आमच्या गावी आलो होतो. ठरवलं, जीवशास्त्राचा रोज एकच अवयव करायचा. घरात अंधार, म्हणून परसातल्या भिंतीवर कोळशानं मोठा माणूस काढला. पहिल्या दिवशी त्यात मेंदू भरला, दुसऱ्या दिवशी जठर.

तिसऱ्या दिवशी सकाळीच शेजारचे झिंगरूभाऊ आले. तळ्यावर मासे धरणारा दांडगा गडी, बगलेत कोंबडी, आणि चक्क माझ्या पाया पडला!

"बाबू, तू डोस्कं काढलं, माहं डोस्कं ठणकलं. पोट काढलं, रातभर पोटात मुरडा. हे कोंबडी घे, पन मले सोड!"

मी हबकलोच. "भाऊ, हा अभ्यास हाय, करणी नाई!"

"मंग आज काय काढतोस?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "काळीज."

झिंगरूभाऊ मटकन खालीच बसले. कोंबडी सुटून पळाली. आई शेणाचा पोतेरा घेऊन धावली आणि अख्खा माणूस पुसून टाकला. "काळजाले हात लावशीन तर माही शपथ हाय!"

परीक्षेला चांद्याला गेलो, पेपर हाती आला. पहिलाच प्रश्न, हृदयाची आकृती काढा. टाक उचलला अन् समोर झिंगरूभाऊंचा चेहरा. हात हलेचना. कागद कोरा राहिला.

निकाल लागला, मी नापास. मी दारात रडत बसलो. तेवढ्यात झिंगरूभाऊ टोपलीभर मासे घेऊन हजर.

"रडू नोको, बाबू. तू नापास झालास, म्हनून मी जित्ता हाय!"